लुआनचा 'शाँब्र दूझ' : रडायला बसले नव्हते, पण...

'कोडा'ला 2022 मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा कळलं की तो मूळ फ्रेंच पिक्चरचा रिमेक आहे, मग 'ला फामी बेलिए' शोधून बघितला, आणि त्यातली ती बहिऱ्या-मुक्या आईबापांची गाणारी पोरगी डोक्यातून जाईचना. ती लुआन. उत्तर फ्रान्समधली, 2013 च्या फ्रेंच 'द व्हॉइस' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत सेमीफायनलला बाहेर पडलेली, पण पिक्चरच्या डायरेक्टरने तिथेच तिला हेरलं. फेब्रुवारी 2015 मध्ये त्या रोलसाठी फ्रान्सचं सेझार हे फिल्म अवॉर्ड, आणि मार्चमध्ये 'शाँब्र दूझ' हा पहिला अल्बम. वय फक्त 18! फ्रान्समध्ये तो धो धो खपला, पुढच्या वर्षी व्हिक्त्वार द ला म्युझिक हे तिथलं संगीताचं अवॉर्डपण मिळालं.

नावाचा अर्थ 'खोली नंबर 12'. 'अव्हनीर' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मस्त मान डोलवत होते, एकदम नाचायची चाल, मग शब्द समजून घेतले तर सोडून गेलेल्याला बाई चक्क तळतळाट देतायत की तुला झोप लागू नये म्हणून! आणि हे इतक्या गोड आवाजात की शिव्यासुद्धा गजऱ्यात गुंडाळून दिल्यासारख्या वाटतात. 'झूर अँ' म्हणजे प्रेमाचा पहिला दिवस, ते आपलं ठीक, रेडिओवर लागलं तर बदलणार नाही इतपत. आवाज मात्र काय आहे राव, किंचित घोगरा, वर चढताना जरासा फाटतो आणि ती तो लपवत नाही, मला तेच आवडलं.

मधली तीन-चार गाणी सारखीच वाटतात, तेच कीबोर्ड तोच ठेका, भांडी घासताना कधी एक संपून दुसरं सुरू झालं कळलंपण नाही.

पण 'मामाँ'. हे ऐकायच्या आधी एवढं माहीत असू द्या की तिचे वडील 2013 मध्ये गेले आणि आई 2014 मध्ये. आणि ही मुलगी गाण्यात आईला सांगतेय की आई, माझं डोकं ठिकाणावर नाही गं, कशातच मन लागत नाही. हुंदके नाहीत, व्हायोलिनचा पूर नाही, साधी चाल आणि साधं बोलणं. शब्द तिने स्वतः एकटीने लिहिलेत की नाही या वादात मला पडायचंच नाही, गाताना ते तिचेच होतात. मी त्या दिवशी इयरफोन काढून आधी घरी फोन लावला, आईने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, जेवलीस का.

फ्रेंच येत नसेल तर हे एक गाणं तरी भाषांतर उघडून ऐका, बाकीची नुसती ऐकली तरी चालतील. आणि त्यानंतर लगेच तिचं 2025 चं युरोव्हिजनचं, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेतलं, गाणं लावा. त्याचंही नाव 'मामाँ'च, तेही गेलेल्या आईलाच उद्देशून, फक्त आता लुआन स्वतः एका मुलीची आई आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या स्टेजवर वरून वाळू पडत होती आणि ती मधे उभी राहून गात होती. नंबर सातवा आला. माझ्याकडून पहिला.