दादरचा जमिनीवरचा वर्ग: फी ह्यांनी भरली, जाऊन बसले मी

आधीच सांगून टाकते म्हणजे अजून कोणाचे पैसे वाया जायला नकोत, हा वर्ग प्लॉट कसा घ्यायचा, एनए कसं करायचं, सातबारा कसा वाचायचा याचा नाहीये. हा इतिहासाचा वर्ग आहे. वॉशिंग्टन, जेफरसन वगैरे अमेरिकेच्या पहिल्या पुढाऱ्यांनी जमिनीत पैसे कसे घातले आणि कोणाचे कसे बुडाले यावर चार शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, दादर पश्चिमेला स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं. आमच्या ह्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज अर्धवट वाचला, जमीन, गुंतवणूक आणि कर्ज हे तीन शब्द दिसले की लगेच अठराशे रुपये जीपे. पहिल्या शनिवारी सकाळी मेसेज पूर्ण वाचल्यावर म्हणाले मला ऑफिसचं काम निघालंय, तूच जा. पैसे परत मिळत नाहीत म्हणून मी गेले.

आमच्या घरची पार्श्वभूमी अशी, की ह्यांनी २०१८ मध्ये तीन मित्रांबरोबर मुरबाडकडे वीस गुंठे घेतले, आमच्या हिश्श्याचे पाच. पर्सनल लोन काढून. एजंट म्हणाला होता पाच वर्षांत तिप्पट. लोन फिटलं, पाच वर्षं होऊन गेली, रस्ता अजून येतोय, आणि आमचे पाच गुंठे त्या विसातले नक्की कुठले हे चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही. मागच्या वेळी गेलो तर तिथे कोणाच्या तरी म्हशी मजेत बसलेल्या. तर मी कुठल्या मूडमध्ये त्या वर्गात जाऊन बसले असेन ते समजून घ्या.

शिकवणारे सर रिटायर्ड प्रोफेसर आहेत, आवाज खणखणीत, माइक लागत नाही. मला त्यांचं एक फार आवडलं, ते प्रत्येक आकडा आपल्या मापात करून देतात, एकर म्हटलं की लगेच गुंठे. त्यामुळे डोक्यात चित्र उभं राहतं, नाहीतर साठ लाख एकर म्हणजे काय हे आपल्याला काय कळणार. ते अख्ख्या बृहन्मुंबईच्या चाळीसपट होतात, आणि एवढी जमीन एका कंपनीने विकायला काढली होती. त्यावर येतेच.

पहिला शनिवार पूर्ण वॉशिंग्टनचा. आपण शाळेत चेरीच्या झाडाची गोष्ट ऐकलेली (ती खोटी आहे म्हणे), पण हा माणूस मुळात मोजणीवाला. वयाच्या सोळा-सतराव्या वर्षापासून जंगलात जाऊन लोकांच्या जमिनी मोजायचा, म्हणजे चांगली जमीन कुठली हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं. १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने हुकूम काढला की अ‍ॅपलाशियन डोंगरांच्या पलीकडे कोणी वस्ती करायची नाही, तर ह्याने १७६७ मध्ये आपल्या ओळखीच्या मोजणीदाराला, क्रॉफर्ड नाव त्याचं, पत्र लिहिलं की हा हुकूम काही टिकणारा नाही, तू शिकारीला गेल्यासारखं दाखव आणि चांगल्या जमिनी हेरून ठेव, आणि हे आपल्या दोघांतच राहू दे. मी हसले मोठ्याने. आमचा एजंट पण असाच बोलायचा, ‘वहिनी, हे अजून बाहेर कोणाला माहीत नाही.’

पण खरी मजा पुढे आहे. १७८४ मध्ये वॉशिंग्टन इंग्लंडविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध जिंकून, जगभर नाव कमावून पेनसिल्व्हेनियातली स्वतःची जमीन बघायला गेला तर तिथे लोक घरं बांधून, शेती करून बसलेले! उठायला तयार नाहीत. म्हणाले आम्ही कसली, आमची. एवढा मोठा जनरल, त्यालासुद्धा कोर्टात जावं लागलं आणि १७८६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. मला आमच्या म्हशी आठवल्या. म्हशी निदान संध्याकाळी घरी जातात.

आणि १७८९, म्हणजे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या आधी काही आठवडे, हाच माणूस व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या एका कॅप्टन कॉनवेकडे पाचशे पौंड कर्ज मागतोय, देणी भागवायला, आणि मग आणखी शंभर, शपथविधीला न्यूयॉर्कला जायच्या खर्चासाठी. पत्रात लिहितो की व्याजाने पैसे काढायची वेळ आपल्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. हजारो एकरांचा मालक हो! पण जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही, कुळं खंड देत नाहीत, आणि जमिनीने तिकीट काढता येत नाही. दहा वर्षांनी मृत्युपत्रात मालमत्तेची यादी केली, माउंट व्हर्नन हे राहतं घर आणि शेती सोडून किंमत ५,३०,००० डॉलर, आणि त्यातल्या पश्चिमेकडच्या कितीतरी जमिनी तशाच न विकलेल्या. मी घरी येऊन ह्यांना एवढंच सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसरा शनिवार सगळ्यात भारी, यासाठीच अठराशे वसूल. रॉबर्ट मॉरिस. मला नावसुद्धा माहीत नव्हतं. हा फिलाडेल्फियाचा व्यापारी, १७८१ मध्ये त्याला देशाचा खजिना सांभाळायला दिला तेव्हा खजिन्यात काहीच नव्हतं, स्वातंत्र्ययुद्धातल्या यॉर्कटाउनच्या निर्णायक मोहिमेला ह्याने स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्यांवर पैसे उभे केले. म्हणजे अख्ख्या देशापेक्षा ह्या एका माणसाच्या सहीवर लोकांचा जास्त भरवसा. आणि असा माणूस कशात बुडाला, तर जमिनीत. १७९३ मध्ये वॉशिंग्टन शहर अजून कागदावर, चिखल आणि झाडं नुसती, तेव्हा मॉरिस, ग्रीनलीफ आणि निकोल्सन ह्या तिघांनी तिथले सहा हजार प्लॉट प्रत्येकी ८० डॉलरला बुक केले, सात वर्षांच्या हप्त्यांनी, बिनव्याजी, आणि दरवर्षी काही घरं बांधून द्यायची अटपण होती. कल्पना अशी की हप्ता यायच्या आत प्लॉट पुढे विकायचे आणि त्याच पैशातून हप्ता भरायचा. हे वाक्य मी आमच्या सोसायटीतल्या निदान चार जणांच्या तोंडून ऐकलंय, अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅटच्या बाबतीत.

मग १७९५ मध्ये तिघांनी ती साठ लाख एकरवाली कंपनी काढली, नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी, शेअर घेणाऱ्याला वर्षाला सहा टक्के देण्याची हमी. युरोपातून पैसा येणार होता. पण तिकडे फ्रान्सची युद्धं पेटलेली, पैसा काही आला नाही. मग हे एकमेकांच्या हुंड्यांवर सह्या करत सुटले, मॉरिसच्या कागदाला निकोल्सन जामीन, निकोल्सनच्या कागदाला मॉरिस. सर म्हणाले बुडणाऱ्याने बुडणाऱ्याचा हात धरायचा, तशी ही हमी. शेवटी मॉरिस गावाबाहेरच्या बंगल्यात दारं लावून बसला आणि घेणेकरी बाहेर शेकोट्या पेटवून वाट बघत बसले. शहरात त्याचा संगमरवरी राजवाडा अर्धवट पडलेला, आर्किटेक्ट कोण, तर वॉशिंग्टन शहराचा आराखडा करणारा लांफां. फेब्रुवारी १७९८ ते ऑगस्ट १८०१ मॉरिस कर्जदारांच्या तुरुंगात होता, देणं जवळपास ३० लाख डॉलर. वॉशिंग्टन १७९८ मध्ये फिलाडेल्फियाला आला तेव्हा तुरुंगात जाऊन त्याच्याबरोबर जेवला. इथे सर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, पाणी प्यायले. निकोल्सन तर तुरुंगातच मेला.

पण मला लक्षात राहिली ती मॉरिसची बायको मेरी. नवऱ्याने विकलेल्या जमिनीत बायकोचा हक्क असायचा, तो सोडल्याची तिची सही मॉरिसकडून जमीन घेतलेल्या हॉलंड लँड कंपनीला हवी होती, आणि गव्हर्नर मॉरिस नावाच्या मित्राने (नावच गव्हर्नर, पद नव्हे, नातंही नाही, मला एक तास कळलं नाही) मध्ये पडून त्या सहीच्या बदल्यात तिला वर्षाला दीड हजार डॉलर मिळवून दिले, तहहयात. तुरुंगातून सुटल्यावर नवराबायको त्याच्यावर जगले! साठ लाख एकर एका बाजूला आणि बायकोची एक सही एका बाजूला. मी त्या रात्री आमचा सातबारा काढून बघितला. माझं नाव नाहीये.

तिसऱ्या शनिवारी नुसती गर्दी, एका मागे एक. जेम्स विल्सन, सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश, खुर्चीवर असताना घेणेकऱ्यांपासून पळत होता, दोनदा तुरुंगात जाऊन आला आणि १७९८ मध्ये उत्तर कॅरोलायनात एका खानावळीच्या खोलीत वारला. हेन्री ली, युद्धातला हिरो, त्याने मॉरिसला चाळीस हजार डॉलर उसने दिलेले, ते गेले, १८०९ मध्ये तोही आत. मग सायोटो कंपनी, तिच्या लोकांनी पॅरिसमध्ये बसून ओहायोच्या जमिनी फ्रेंच लोकांना विकल्या, १७९० मध्ये ती बिचारी माणसं बायकापोरांसकट समुद्र ओलांडून आली तर कळलं की विकणाऱ्याच्या नावावर जमीन नाहीच. पॅरिसमधल्या एजंटांपैकी एक विल्यम प्लेफेअर, ज्याने पुढे पाय चार्ट काढला. तरीच! साइट व्हिजिटला आम्हाला जो ब्रोशर दिलेला त्याच्यात तीन पाय चार्ट होते. पण ह्या शनिवारी सरांनी एवढी नावं कोंबली की शेवटी माझी वही नुसती बाणांनी भरली. इथे दोन माणसं कमी चालली असती.

आणि त्याच दिवशी मध्येच आली अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स. माझी लाडकी. नवरा जॉन अ‍ॅडम्स, पुढे वॉशिंग्टननंतर राष्ट्राध्यक्ष झालेला, तेव्हा युरोपात वकिली करत, म्हणजे देशाची वकिली, आणि इकडे पैसे हिच्या हातात. त्याचं आपलं एकच, गावाजवळची शेतं घे, शेजाऱ्याचा तुकडा घे. हिने बघितलं की सैनिकांना पगाराऐवजी दिलेले सरकारी कागद बाजारात मातीमोल विकले जातायत, ते घेत गेली. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने ठरवलं की सरकार सगळे कागद पूर्ण मानणार, आणि भाव चढला. म्हणजे नवऱ्याच्या शेतांपेक्षा बायकोचे बाँड चालले. मी जवळजवळ टाळ्या वाजवणार होते, तर सरांनी हळूच सांगितलं की १७८२ मध्ये तिनेही व्हर्मांटमध्ये जमीन घेऊन ठेवली होती, न बघता, आणि नवऱ्याने लिहिलं की आता ह्यापुढे व्हर्मांटच्या भानगडीत पडू नकोस. आणि ते सैनिकांचे कागद विकणारे कोण, तर लढून आलेले गरीब लोक, घरात खायला नाही म्हणून विकणारे. मग टाळ्या राहिल्या.

चौथ्या शनिवारबद्दल माझी तक्रार आहे. जेफरसन सांगितला, सासऱ्याचं कर्ज वारशात आलेलं, वाइन आणि बांधकामाची हौस, १८१८ मध्ये एका मित्राला वीस हजार डॉलरला जामीन राहिला आणि तो मित्र बुडाला, १८२६ मध्ये मेला तेव्हा देणं एक लाखावर. आणि मग शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना सांगितलं की जानेवारी १८२७ मध्ये त्याच्या इस्टेटीवरची १३० गुलाम माणसं लिलावात विकली. कुटुंबं तुटली. हे पंधरा मिनिटांत? हा हिशोब पहिल्या दिवसापासून हवा होता. तसंच त्या जमिनी, त्या काही रिकाम्या नव्हत्या, तिथे आधीपासून राहणारे लोक होते, त्यांचा उल्लेख सरांनी केला पण नकाशावरच्या रंगासारखा. मी विचारलं तर म्हणाले, ‘ताई, बरोबर आहे, पुढच्या बॅचला वेगळा तास ठेवतो.’ प्रामाणिक माणूस आहे, उगाच वाद घातला नाही.

दुसरी गोष्ट, मुंबईत बसून हे शिकवताय आणि १८६५ चा शब्द नाही? अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला भाव आला, त्या पैशावर इथे बॅकबेच्या समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या कंपनीचे शेअर आकाशाला भिडले, जमीन अजून पाण्याखाली आणि भाव गगनात, युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला सगळं कोसळलं, तेव्हाचा बडा दलाल प्रेमचंद रायचंद, त्याच्यासकट. त्याच्याच पैशातून, आईच्या नावाने झालेला राजाबाई टॉवर रोज बघतो आपण. हा धागा जोडला असता तर वर्ग वेगळ्याच उंचीवर गेला असता.

बाकी सोय म्हणाल तर ठीकठाक. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी बघून जा. खुर्च्या प्लॅस्टिकच्या. एसी एक आहे, तो फक्त पहिल्या दोन रांगांचा. मध्ये कटिंग आणि खारी मिळते, चहा चांगला असतो. नोट्सची झेरॉक्स देतात पण नकाशे काळे आलेत, नद्या आणि रस्ते एकसारखे दिसतात. सात म्हणजे साडेसात धरून चाला, कर्जतवाल्यांनी ट्रेनचं आधीच बघून ठेवा.

पाचपैकी चार. एक कापला तो चौथ्या शनिवारचा.

नोट्स मी टेबलावर ठेवल्या होत्या, मॉरिसचं पान ह्यांनी वाचलेलं दिसतंय कारण त्यावर चहाचा डाग आहे. काल तिघा मित्रांना फोन करून मोजणीचा अर्ज टाकायचं चाललं होतं. मग मला विचारलं, पुढच्या बॅचला जोडप्याने आलं तर सवलत आहे का. नाहीये, मी विचारून ठेवलं होतं.