इसबगोल, ब्युटिरेटची कॅप्सूल की कच्ची केळी?

रावेरकडच्या आमच्या नानांचं पोट वर्षभर साफ होत नाही. रात्री इसबगोल चालू आहे. मागच्या आठवड्यात कुणीतरी त्यांना ब्युटिरेटच्या कॅप्सूल सुचवल्या आणि त्यांचा फोन आला, "काय घेऊ रे भाऊ?" मी म्हटलं, नाना, तुमच्या बागेतला कच्च्या केळीचा घडही या हिशोबात धरा.

आधी आतड्याची बाजू. न पचलेला चोथा आणि स्टार्च मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार होतात, साधारण ६०:२०:२० या प्रमाणात. तिथल्या सामूला (आम्लतेच्या पातळीला) यातला बहुतेक भाग विद्युतभारित असतो, आणि भारित कण पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज झिरपत नाही. म्हणून आवरणात वाहक प्रथिनं बसलेली आहेत. एमसीटी-१ नावाचं प्रथिन आम्लाला प्रोटॉनच्या (हायड्रोजनच्या भारित कणाच्या) जोडीने आत आणतं, एसएमसीटी-१ नावाचं सोडियमच्या जोडीने. काही आम्ल बायकार्बोनेटच्या बदल्यातही आत येतं. असं ९० टक्क्यांहून जास्त आम्ल शोषलं जातं. ब्युटिरेट तर पेशी तिथेच जाळतात. मोठ्या आतड्याच्या पेशींची सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून येते.

इसबगोलाला जिवाणू फारसे खात नाहीत. ते पाणी धरून फुगतं, मळ मऊ करतं, गॅसही फारसा करत नाही. भरपूर पाण्यासोबत घेतलं तर पोट साफ होण्यासाठी उत्तम, पण पेशींच्या ताटात त्यातून थोडंच पडतं.

कॅप्सूल साधी असेल तर ब्युटिरेट बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जातं. उशिरा विरघळणाऱ्या आवरणाची कॅप्सूल पुढे पोचते, पण ती डॉक्टरांनी कारण पाहून दिली तरच घ्यावी. बट्टीवर ओतलेल्या तुपातही ब्युटिरिक आम्ल असतं म्हणतात, ते खरंय. तेसुद्धा वरच संपतं.

आता केळी. हिरवी केळी सोलायला घेतली की चीक बोटांना लागतो आणि बोटं काळी पडतात, म्हणून आई आधी हाताला तेल लावते. त्या पांढऱ्या कडक गरात न पचणारा स्टार्च भरपूर असतो. केळी पिकली की त्याची साखर होते. २००० साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना जलसंजीवनीत असाच न पचणारा मक्याचा स्टार्च घालून दिला, तेव्हा जुलाब लवकर थांबले. २००१ साली बांगलादेशात चिवट जुलाब असलेल्या मुलांना शिजवलेली कच्ची केळी दिली, तिथेही गुण आला. कारण वर आलंच आहे: आम्लासोबत सोडियम आत जातं आणि सोडियमच्या मागोमाग पाणी.

इथे नानांनी मला बरोबर पकडलं. "अरे, मग ती जुलाब बांधायची गोष्ट. माझं तर उलटं आहे!" शंका रास्त आहे. बद्धकोष्ठाच्या माणसाने इसबगोल सोडून कच्च्या केळीवर यायचं नाही. जुलाब वारंवार होणाऱ्याला मात्र मी केळी आधी सांगेन.

नानांसाठी माझं म्हणणं असं: इसबगोल चालू ठेवा, कॅप्सूल राहू द्या. रोजच्या जेवणात उडीद-ज्वारीची कळण्याची भाकरी आणि डाळ आणा, त्यातला चोथा जिवाणूंच्या कामी येतो. आठवड्यातून दोनदा कच्च्या केळीची भाजी. गरम शिजवल्यावर तो स्टार्च बराचसा पचण्याजोगा होतो, गार झाल्यावर त्यातला काही परत घट्ट होतो, म्हणून सकाळची भाजी दुपारी गार खाल्लेली बरी. केळीचं पीठ न शिजवता ताकात कालवलं तर स्टार्च जास्त टिकतो. सुरुवात एका चमच्याने करा, नाहीतर पोट फुगून दोन दिवसांत सोडून द्याल. आणि मळात रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं, तर यातलं काही न करता थेट डॉक्टरांकडे जा.