फ्रीज बरा आहे, वायर आखूड आहे: दहा महिन्यांनंतर

किती लिटर, किती स्टार हे सांगत बसत नाही. दोन दारांचा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला, आज चार घरांत असतो तसाच. गेल्या चवथीच्या आठ दिवस आधी फोंड्याहून आणला. मेपर्यंत मी याला पाचपैकी साडेचार दिले असते. मग पाऊस लागला, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून दाराची खालची कड पुसताना मला करंट लागला.

मोठा नव्हता. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, फडकं हातातून पडलं, बस. त्या कोपऱ्याचा रंग टेम्पोतून उतरवताना खरवडला होता, नेमका तिथेच. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मलाही लागला होता दोनदा, मला वाटलं वाताचं असेल."

आता मूळ दुखणं सांगते. या फ्रीजची वायर आखूड आहे. मी टेप लावून मोजली आहे: १ मीटर ६० सेंटिमीटर. पण ती निघते फ्रीजच्या मागच्या बाजूला तळातून, म्हणून भिंतीवरच्या पॉइंटपर्यंत जायला हातात उरते मीटरभरच. एवढ्या किमतीच्या वस्तूला अर्धा मीटर वायर जास्त द्यायला काय झालं होतं? आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या जुन्या चिऱ्यांच्या घरात स्वयंपाकघराला मोठा पॉइंट एकच, आणि तो गॅसच्या ओट्याला लागून. शेगडीशेजारी फ्रीज ठेवायचा नाही एवढं मलाही कळतं. म्हणून समोरच्या भिंतीला ठेवला आणि बाजारातून १८० रुपयांचं एक्स्टेन्शन आणलं. दहा महिने फ्रीज त्याच्यावरच चालला. वायर आखूड आणि माझा हातही आखडता, त्याचं हे फळ.

कस्टमर केअरला तीन फोन केले तेव्हा पहिला माणूस आला. टेस्टर लावला, दिवा पेटला, "कॉम्प्रेसर बॉडीला शॉर्ट आहे, आणि तुम्ही स्टॅबिलायझर घ्या" म्हणाला. स्टॅबिलायझर त्याच्या पिशवीतच होता, २,२०० रुपयांचा. पैसे हातून सुटत नाहीत म्हणून वाचले. व्होल्टेज कमीजास्त झालं तर स्टॅबिलायझर ते सांभाळतो. बॉडीवर येणाऱ्या करंटशी त्याचा काही संबंध नाही, हे मला आठवडाभराने कळलं. तो आठवडा घरात सगळे रबरी चपला घालून फ्रीज उघडत होते. सासूबाईंनी पुढ्यात लाकडी पाट ठेवला.

दुसरा मुलगा आला तो कामाचा निघाला. मीटरचं एक टोक रंग उडालेल्या कोपऱ्याला लावलं, दुसरं न्यूट्रलला: ११२ व्होल्ट. मग त्याने माझं एक्स्टेन्शन उघडलं. वर भोकं तीन, आत वायरी दोनच! तिसरं, अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला. त्याने फ्रीज ओढून ओट्याजवळ नेला, प्लग सरळ भिंतीत घातला, पुन्हा मोजलं. तेच ११२. मीटर माझ्यापुढे धरून म्हणाला, "बाय, हांगा अर्थिंगच ना." म्हणजे इथे अर्थिंगच नाही.

मग त्याने समजावून सांगितलं ते असं. इन्व्हर्टर फ्रीजच्या सर्किटमध्ये फिल्टर असतो, त्यातून चिमूटभर करंट बॉडीकडे येतच असतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो, कोणाला पत्ता लागत नाही. नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज बसून राहतं. त्याने जीव जात नाही. पण त्याच घरात उद्या आतली वायर खरोखर बॉडीला टेकली तर अख्खे २३० दारावर येतील, आणि तेव्हा झिणझिण्यांवर भागणार नाही. म्हणजे फ्रीज निर्दोष. मी सातआठ दिवस ज्याला शिव्या घातल्या तो बिचारा माझ्याच घराची तक्रार माझ्याकडे करत होता.

निर्दोष ठरल्यामुळे व्हिजिट चार्ज मात्र माझ्यावर: ५०० आणि १८ टक्के जीएसटी, ५९०. वॉरंटीत असून! यावर मी अर्धा तास भांडले. ते ९० रुपये मला अजून सलतात.

वायरमनने अर्थिंगची जागा शोधली ती धुण्याच्या दगडाखाली. तार गंजून तुटलेली. नवा पाइप, कोळसा, मीठ घालून खड्डा भरला. आमची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होते, म्हणून मार्च ते मे त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला. तो असला तरी अर्थिंग हवंच, असं त्याने दोनदा बजावलं: अर्थिंग नसेल तर गळती होऊनही तो गप्प राहतो, आणि माणसाने हात लावल्यावर पडतो. फ्रीजमागच्या भिंतीवर स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट काढला. एकूण ६,२०० रुपये. पुन्हा मोजलं, मीटरवर शून्य.

बाकीचं पटकन. दोन्ही बाजू गरम लागतात ते बरोबर आहे, कॉइल तिथेच आत असते. म्हणून भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. मागे स्टिकरवर आर-६००ए लिहिलंय, तो आतल्या नळीत फिरणारा गॅस पेट घेणारा; सुरीने नळीला भोक पडायला नको, म्हणून बर्फ सुरीने खरवडायची आमची जुनी सवय बंद. मागच्या ट्रेमधलं पाणी पावसाळ्यात लवकर सुकत नाही, ते ओता, डासांना तेवढंच हवं असतं.

आणि कौतुक करायचं तर फ्रीझरचं. १ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद, म्हणून मे संपताना इसवण आणि बांगडे साफ करून डबे ठासून भरले होते. एका रात्री सात तास वीज नव्हती. दार उघडलं नाही. सकाळी बांगडा दगडासारखा.

एक्स्टेन्शन का वापरायचं नाही, हेही त्या मुलाने सांगितलं. स्वस्तातल्या जोडणीत प्लग सैल बसतो, तापतो, आणि तेही फ्रीजच्या मागे, कोणाला न दिसणाऱ्या जागी. पॉइंट असेल तिथे फ्रीज न्या, नाहीतर फ्रीज असेल तिथे पॉइंट आणा. वायर आखूड ठेवतात ती यासाठीच असेल, म्हणाला. पटलं. माझं एक्स्टेन्शन काढलं तेव्हा मागचा भाग पिवळा पडलेला होता.

तर चार तारे. पाट अजून फ्रीजपुढेच आहे, सासूबाई उचलू देत नाहीत. आणि नवा पॉइंट इतका जवळ आला की आता वायर उरते. मागे लोंबते, दर सकाळी झाडू अडकतो.