काचेला टवका गेलाय: भरून घ्यावा की काचच बदलावी?

मे महिना संपत आला होता. निवळी घाटात पुढच्या डंपरच्या फाळक्यातून खडी गळत होती. अंतर सोडायला हवं होतं, मी सोडलं नाही. टक्कन आवाज झाला आणि वायपरच्या वर, डावीकडे, मसूरडाळीच्या दाण्याएवढा टवका दिसला. त्याच आठवड्यात लांज्याला माझ्या मेहुण्यांच्या गाडीलाही अगदी तसाच टवका गेला. मी दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत तो भरून घेतला. मेहुणे म्हणाले, "एवढ्याशाला काय होतंय? गणपती झाले की बघू." चार दिवसांनी त्यांची गाडी दुपारभर उन्हात तापली आणि संध्याकाळी वळवाची सर आली. सर ओसरून ते गाडीपाशी गेले, तोवर टवक्यातून निघालेला तडा काचेच्या कडेला जाऊन भिडला होता. त्यांना काच बदलावी लागली. माझी जुनीच आहे.

ही दोन गाड्यांची गोष्ट सांगतोय, कारण आपल्याकडे हा निर्णय बहुतेक जण पुढे ढकलतात आणि मग त्यांच्या वतीने तो पाऊस घेतो.

आधी काच कशी असते ते

पुढची काच एक दिसली तरी ती दोन काचांची असते. बाहेरची साधारण दोन मिलिमीटर, आतली तेवढीच किंवा जरा पातळ, आणि मध्ये पाऊण मिलिमीटरचा चिवट प्लॅस्टिकचा पडदा. अपघातात काचेचा चुरा अंगावर येऊ नये म्हणून ही रचना. खडा लागतो तो बाहेरच्या काचेला. मधला पडदा आणि आतली काच शाबूत असली, तर बाहेरच्या काचेतली पोकळी भरता येते. दरवाजाच्या आणि बहुतेक गाड्यांच्या मागच्या काचा एकेरी, कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की साबुदाण्यासारख्या विखुरतात, तिथे भरण्याचा प्रश्नच येत नाही.

आता वळवाच्या सरीचं. काच तापलेली असते तेव्हा ती पसरलेली असते. वरून एकदम गार पाणी पडलं की बाहेरचा पृष्ठभाग आधी आक्रसतो, आतला अजून गरमच असतो. म्हणजे बाहेरची कातडी ताणली जाते आणि नेमका तिथेच टवका असतो. चीर पुढे धावायला एवढं पुरे. पावसाळ्यात काचेवर वाफ धरली म्हणून आतून गरम हवेचा झोत सोडला तरी हेच होतं: आतून गरम, बाहेरून गार. टवका असलेल्या गाडीत वाफ घालवायची तर एसी हळू लावावा, हीटर नको. आणि उन्हात तापलेल्या गाडीवर पाइपने पाणी मारणं त्या दिवसापासून बंद.

काय भरता येतं, काय नाही

एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा टवका सहसा भरता येतो. गोल खड्ड्यासारखा टवका सगळ्यात सोपा. चांदणीसारखा, पाय फुटलेला असेल तर अवघड, कारण प्रत्येक पायाच्या टोकापर्यंत रेझिन (पोकळीत भरायचा, नंतर घट्ट होणारा पारदर्शक द्रव) पोचावं लागतं आणि टोकं केसाएवढी बारीक असतात. बोटभर लांबीचा तडा काही कारागीर घेतात, पण तो चार दिवसांचा ताजा हवा.

तीन ठिकाणी मात्र मी भरण्याच्या भरीला पडणार नाही. काचेच्या अगदी कडेला, कारण तिथे काचेत मुळातच ताण जास्त असतो. आतल्या काचेपर्यंत घाव गेला असेल तिथे (आतून नख फिरवून बघा, अडकलं तर घाव आत आलाय). आणि चालकाच्या डोळ्यांसमोर. भरलेला टवका पूर्ण नाहीसा होत नाही. रेझिनमधून प्रकाश जवळजवळ काचेतून जातो तसाच वळतो, म्हणून डाग फिकट होतो, पण राहतो. दिवसा तो जाणवत नाही. रात्री ओल्या रस्त्यावर समोरून ट्रकचे दिवे आले की तोच डाग फुलतो, आणि कशेडी-परशुराम असा रात्रीचा प्रवास आपल्याकडे घरोघरी होतो. समोर टवका असेल तर काच बदलण्याच्या बाजूने विचार करा.

भरणं आणि बदलणं, कोकणातल्या हवेत

इतर कुठे हा हिशेब फक्त पैशांचा असेल. इथे मीठ आणि ओल धरूनच तो करावा लागतो.

कारखान्यात बसवलेली काच चिकटद्रव्याच्या जाड कडीने पत्र्याच्या चौकटीला चिकटवलेली असते. ती काढायची म्हणजे ती कडी तारेने किंवा पात्याने कापायची. हात जरा सरकला की चौकटीच्या रंगावर ओरखडा येतो. तो ओरखडा प्रायमर लावून झाकला नाही आणि वर नवी काच बसली, तर तो कुणाला दिसत नाही. पण खाऱ्या हवेला सापडतो. गंज आतून पसरतो, चिकटद्रव्य सुटतं आणि एखाद-दोन पावसाळ्यांनी पायाखालच्या गालिच्यात पाणी येतं. किनाऱ्यावरच्या गावांतल्या गाड्यांचे पत्रे कसे खाल्ले जातात ते आपण बघतोच. म्हणून माझं मत ठाम आहे: कोकणात कारखान्याची कडी शाबूत असणं ही किमतीची गोष्ट आहे, आणि टवका भरण्यासारखा असेल तर ती कापू नये.

बदलावीच लागली तर घाबरायचं कारण नाही, कारागीर तेवढा निवडून घ्यावा. हे चिकटद्रव्य हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे आपली दमट हवा त्याला मानवते. पण ते लावायची जागा मात्र कोरडी आणि स्वच्छ हवी. चालू पावसात उघड्यावर काच बसवून घेऊ नका, छप्पर असेल तिथेच जा. गाडी किती तासांनी हलवायची ते कारागिराला विचारा आणि तेवढा वेळ थांबा. काही गाड्यांत डावीकडची एअरबॅग उघडताना काचेच्या आधाराने उघडते. काच नीट धरलेली नसेल तर तो आधारच मिळत नाही.

नवी काच घेताना कोपऱ्यातला छाप वाचा. आयएसआयची खूण आणि काच दुहेरी असल्याचा उल्लेख हवा. सेंट-गोबेन आणि असाही इंडिया या कंपन्या भारतात गाड्यांच्या काचा बनवतात. साध्या हॅचबॅकला गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेली पण चांगल्या कारखान्याची काच मला चालते. आरशामागे कॅमेरा असलेल्या, म्हणजे आपोआप ब्रेक लावणाऱ्या किंवा रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की इशारा देणाऱ्या गाड्यांचं तसं नाही. तिथे काच बदलल्यावर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करावी लागते. ते काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करावं. खर्च वाढतो, पण चुकीचं बघणारा कॅमेरा नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा धोक्याचा.

गॅरेज की घरगुती किट

ऑनलाइन मिळणारं किट काही शेकड्यांत येतं आणि कारागीर साधारण हजाराच्या आतबाहेर घेतो. फरक लहान आहे, तरी किटचा मोह होतो. पण काम कसं होतं ते बघा. आधी टवक्यातली हवा आणि ओल पंपाने खेचून घ्यायची, मग दाबाने रेझिन आत ढकलायचं, हे आलटून पालटून. पोकळी भरली की अतिनील दिव्याखाली रेझिन घट्ट करायचं, वरचा फुगवटा पात्याने तासून चकाकी द्यायची. अर्ध्यापाऊण तासाचं काम. स्वस्त किटमध्ये सहसा दिवा नसतो, ते सूर्यावर सोपवलेलं असतं. मेमध्ये ऊन इतकं कडक की रेझिन टोकापर्यंत पोचण्याआधीच घट्ट होतं, म्हणून भरणं सावलीत करून मगच गाडी उन्हात काढावी लागते. आणि जुलैमध्ये सूर्यच दिसत नाही. शिवाय टवक्यात एकदा अर्धवट रेझिन बसलं की कारागीरही ते काढू शकत नाही. भरण्याची संधी एकदाच मिळते. मी ती कारागिरालाच देईन. किट घ्यायचंच असेल तर नोव्हेंबर ते मार्च, कोरड्या हवेत, आणि टवका गोल असेल तरच.

फेविक्विक किंवा नेलपॉलिश टवक्यात सोडू नका. गावात हा उपाय छातीठोक सांगितला जातो. त्याने पोकळीचं तोंड बंद होतं, आत हवा तशीच राहते आणि नंतर रेझिन शिरायला वाट उरत नाही.

कारागीर कसा ओळखायचा? त्याला विचारा, टवक्यातली ओल कशी काढता. "नुसतं वरून भरतो" असं उत्तर आलं तर गाडी वळवा. तालुक्याच्या गावी असा माणूस नसेल तर आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचा विचार मनात येतो. टवका ताजा आणि लहान असेल तर खुशाल जा. पाय फुटलेला असेल तर खड्ड्यांतून आणि वळणांवरून गाडीचा सांगाडा पिळला जातो आणि त्याबरोबर काचही. अशा वेळी जवळचा बरा कारागीर लांबच्या उत्तम कारागिरापेक्षा मला परवडतो.

विम्याचा दावा करावा की खिशातून द्यावं

इथे लोक हमखास फसतात. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापला जात नाही, म्हणून "काच फुकट" असा समज आहे. सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातला तुम्हीच भरायचा वाटा, कापली जातेच: इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्यावर २,०००. खरा फटका पुढे असतो. दावा केला की विनादावा सवलत (नो क्लेम बोनस), म्हणजे दावा न केलेल्या वर्षांसाठी हप्त्यात मिळणारी सूट, सहसा शून्यावर येते.

आकडा मांडून बघू. समजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी १०,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, म्हणजे ५,००० भरता. दावा केल्यावर पुढच्या वर्षी पूर्ण १०,०००. मग सवलत २०, २५, ३५, ४५ करत पाचव्या दाव्याविना वर्षानंतर पुन्हा ५० वर येते. या पाच वर्षांत जास्तीचे भरले ते ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००, म्हणजे १२,५००. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. तरी छोट्या गाडीची साधी काच याहून स्वस्तात बसत असेल तर दावा करून तुम्ही पैसे घालवलेत. मेहुण्यांनी हा हिशेब करून काच खिशातून बदलली. कॅमेरावाल्या महागड्या काचेला मात्र दावा करावा, किंवा पॉलिसीत सवलत राखणारं जोडकलम आहे का ते बघावं. टवका भरण्यावर सवलत जात नाही अशाही पॉलिसी असतात. कंपनीला फोन करून आधी विचारा, मग फॉर्म भरा.

पुन्हा लागू नये म्हणून

काचेवर लावायची पारदर्शक संरक्षक फिल्म मिळते. कोरड्या प्रदेशात तिचा उपयोग असेल. आपल्याकडे चार महिने वायपर सतत चालतो आणि त्याच्या रबरात लाल माती बसलेली असते. फिल्म मऊ, त्यावर चरे पडतात आणि रात्री दिव्यांसमोर धूसर दिसतं. मी लावणार नाही. गडद फिल्मचा तर विचारही नको, पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश जायला हवा असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. पाणी ओघळून जावं म्हणून लावतात त्या द्रवाने पावसात छान दिसतं, खड्यापासून संरक्षण शून्य.

अंतर आणि वेग, या दोनच गोष्टी कामाच्या. घाव वेगाच्या वर्गाने वाढतो. हवेत उडालेल्या खड्यावर तुम्ही ८० ऐवजी ६० ने आदळलात तर आघात जवळजवळ निम्म्यावर येतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ ला सुरू झालं, तेव्हापासून कुठे ना कुठे वळण-रस्ता आणि त्यावर सुटी खडी आहेच. चिऱ्याच्या ट्रकला मी फारसा भीत नाही. चिरा जांभ्या दगडाचा, तो मऊ असतो, काचेवर आला तरी बहुतेकदा त्याचाच भुगा होतो. भीती काळ्या दगडाच्या खडीची, तिच्या कडा धारदार असतात. खडीच्या डंपरमागे आता मी चार-पाच गाड्यांची जागा सोडतो. कुणी मध्ये घुसला तर घुसू देतो, पुन्हा मागे राहतो. ओव्हरटेक करायचाच तर झटकन पुढे निघतो, त्याच्या मागच्या चाकांच्या रेषेत रेंगाळत नाही.

आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात पारदर्शक चिकटपट्टी. टवका गेला की गाडी बाजूला घेऊन कोरड्या फडक्याने काच पुसायची, बोट लावायचं नाही, पट्टी चिकटवायची. धूळ आणि पाणी आत गेलं नाही तर कारागिराचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं. निवळीला मी हेच केलं. मेहुण्यांच्या नव्या काचेच्या गाडीतही आता तशीच एक पट्टी पडलेली असते.