साठ सेंटिमीटरचा तंबू: मिरचीला मानवला, कोथिंबिरीला नाही

घरातल्या घरात, दिव्याखाली आणि मातीविना रोपे वाढवण्याच्या ज्या संचाविषयी लिहीत आहे तो मी स्वतः विकत घेतलेला नाही. टोरांटोच्या स्कारबरो भागातील आमच्या घराच्या तळघरात माझ्या भाच्याने तो मांडला, त्यात गांजाचे एक ऑटोफ्लॉवर, म्हणजे वय झाले की आपोआप फुलणारे, रोप बियापासून काढणीपर्यंत वाढवले आणि हौस फिटल्यावर, ‘मामा, तू तुझ्या मिरच्या लाव यात,’ असे म्हणून संच माझ्या हवाली केला. त्यामुळे एकाच संचात दोन अगदी वेगळ्या स्वभावाची पिके कशी आली, हे मला जवळून पाहता आले. निर्मात्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच मापाचे आणि याच घडणीचे संच निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्यांतील बहुतेकांना लागू पडावेत.

कायद्याचे आधी सांगून टाकतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाविषयक कायदा लागू आहे आणि ओंटारिओत एका घरात चार रोपांपर्यंत लागवड करता येते. ही मर्यादा माणशी नसून घरटी आहे. बी मात्र परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे लागते, आणि घर भाड्याचे असेल तर करारात मनाई आहे का, हेही पाहावे लागते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने अशी घरगुती लागवड हा गुन्हा ठरतो. म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे परीक्षण मिरचीपुरतेच वाचावे.

तंबू ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि १४० सेंटिमीटर उंच आहे. बाहेरून जाड काळे कापड, आतून आरशासारखे चकचकीत अस्तर, लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि पुढे मोठी चेन अशी त्याची रचना आहे. त्यासोबत १०० वॅटचा एलईडी दिवा, हवा बाहेर फेकणारा चार इंची पंखा, वास शोषणारी सक्रिय कोळशाची गाळणी, १९ लिटरची झाकणवाली काळी बादली, झाकणात बसणारे जाळीचे कुंडे, भाजलेल्या मातीच्या गोळ्या, हवेचा पंप, पोषक द्रावणाच्या दोन बाटल्या आणि एक पुस्तिका मिळते. झाकणातून लोंबणारी मुळे थेट पोषक पाण्यात बुडालेली असतात आणि पंप त्या पाण्यात अखंड बुडबुडे सोडतो, एवढीच ही पद्धत आहे. मातीचा कणही लागत नाही, हे सांगितल्यावर माझी आई फोनवर बराच वेळ गप्प होती.

या संचाची सर्व मापे एका गृहीतावर बेतलेली आहेत, आणि ते गृहीत म्हणजे ऑटोफ्लॉवर रोप. सामान्य गांजा रात्री लांबल्या की फुलतो, म्हणून घरात वाढवताना त्याला फुलोऱ्याच्या वेळी बारा तासांचा सलग काळोख द्यावा लागतो. याउलट रुडेरालिस नावाचा जो खुजा, रानटी प्रकार रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये नोंदवला, तो दिवसाच्या लांबीकडे पाहत नाही; वय झाले की फुलतो. त्याच्याशी संकर करून ऑटोफ्लॉवर वाणे तयार झाली आणि लोरायडर हे त्यांतले पहिले गाजलेले नाव. अशा रोपाला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत १८ तास प्रकाश दिला तरी चालते, म्हणून संचात एकच टायमर आहे. त्याची उंचीही बेताची राहते, म्हणून तंबू एवढाच आहे.

हे गृहीत पाळले तर संच चोख काम करतो. भाच्याचे रोप उगवणीपासून अकरा आठवड्यांत काढणीला आले आणि त्याची उंची ५५ सेंटिमीटरच्या पुढे गेली नाही. ती गेली असती तर पंचाईतच होती, कारण १४० सेंटिमीटर हा आकडा फसवा आहे. त्यातून बादलीचे ३७, दिवा व त्याच्या दोऱ्यांचे १५ आणि दिवा व शेंडा यांमधले किमान ३० सेंटिमीटर वजा केले की रोपासाठी जेमतेम ५८ उरतात. हे गणित जाहिरातीत सापडणार नाही. भाच्याची एक चूक सांगण्याजोगी आहे: पुस्तिकेत दिलेली पोषक द्रव्याची पूर्ण मात्रा त्याने दुसऱ्याच आठवड्यात दिली आणि पानांची टोके करपली. दुसरे एखादे झाड अशा वेळी थांबते, सावरते आणि मग पुढे जाते. घड्याळ लावून जन्मलेल्या या रोपाला थांबण्याची मुभा नसते, त्यामुळे गेलेला आठवडा शेवटी उत्पन्नातून वजा झाला. पुस्तिकेतील मात्रा निम्मी करूनच सुरुवात करावी, हे मी त्याच्याकडून फुकटात शिकलो.

माझी पाळी नोव्हेंबरात आली. जेरार्ड स्ट्रीटवरच्या भारतीय बाजारातून आणलेल्या सुक्या मिरच्यांचे बी काढून मी ते भिजवलेल्या रॉकवूलच्या (दगडापासून काढलेल्या तंतूंच्या) चौकोनात पेरले. पाकिटावर लवंगी असे लिहिले होते, आणि फळ आल्यावर ते खरेही ठरले. मिरची फुलण्यासाठी दिवसाच्या लांबीवर फारशी अवलंबून नसते, त्यामुळे १८ तासांचा टायमर मी जसाच्या तसा ठेवला. दहाव्या दिवशी अंकुर आले, नवव्या आठवड्यात पहिली फुले दिसली आणि तेराव्या आठवड्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, तोडलेली हिरवी मिरची ठेच्यात पडली. ऑटोफ्लॉवर एकदाच काढायचे असते. मिरची त्यानंतरही तोडे देत राहिली. उंचीसाठी शेंडा दोनदा खुडावा लागला, तेवढे सोडता जागा पुरली.

मिरचीने संचातील एक उणीव मात्र उघड केली. गांजा पिकवणाऱ्याला बी धरलेले नकोच असते, त्यामुळे परागीभवनाचा विचार येथे कोणी केलेलाच नाही. बंद तंबूत वारा नाही आणि मधमाशीही नाही, त्यामुळे माझी पहिली वीस-पंचवीस फुले नुसती गळून गेली. नंतर चिमट्याने अडकवायचा लहानसा पंखा वेगळा विकत आणला आणि रोज सकाळी फांद्यांना टिचक्या मारू लागलो, तेव्हा फळ धरू लागले.

पाण्याच्या बाबतीत पुस्तिकेवर विसंबून राहू नये. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन घालवावे, असे तीत म्हटले आहे. पण टोरांटो शहराच्या पाण्यात क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असते आणि ते असे उडून जात नाही. मी बादलीत चिमूटभर व्हिटॅमिन सी टाकतो, त्याने काम होते. ओंटारिओ सरोवराचे हे पाणी मध्यम जड आणि किंचित अल्कधर्मी असल्याने द्रावणाचा सामू (पीएच) सतत वर सरकतो. तो ५.५ ते ६.२ यांच्या दरम्यान राखण्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे लागते. सामू मोजण्याचे यंत्र संचात नाही. सामू आणि विद्युतवाहकता (पाण्यात किती अन्न विरघळले आहे, याचे माप) मोजणारी दोन यंत्रे वेगळी घ्यावी लागतील, आणि तो खर्च टाळता येणारा नाही, कारण रोपाला काय हवे आहे ते कळण्याचा दुसरा मार्ग या पद्धतीत नाही. पाण्याची पातळी उतरली आणि वाहकता चढली, तर रोप पाणी अधिक पिते आणि अन्न कमी घेते, म्हणजे नुसते पाणी घालावे. वाहकता उतरली तर अन्न वाढवावे. मिरचीसाठी मी वाहकता सुरुवातीला १.२ आणि फळे धरल्यावर २.० मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास राखली. भर बहरात झाड रोज लिटर-सव्वा लिटर पाणी पीत होते.

आमचे तळघर हिवाळ्यात १७-१८ अंशांवर असते, हा या पद्धतीसाठी लाभच ठरला. पाणी जितके गार, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. कोमट पाण्यात मुळे तपकिरी, बुळबुळीत होऊन कुजतात. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या एखाद्या बंद खोलीत ही बादली पाणी गार करण्याच्या सोयीशिवाय ठेवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

विजेचा हिशेब असा. दिवा १८ तास, पंखा आणि पंप चोवीस तास, मिळून दिवसाला सुमारे २.६ युनिट आणि महिन्याला ७७-७८ युनिट खर्च होतात. ओंटारिओत रात्री अकरा ते सकाळी सात या वेळात अत्यल्प दर देणारी योजना घेता येते, पण तिच्यात संध्याकाळी चार ते नऊ या वेळेचा दर फार चढा असतो. मी टायमर रात्री नऊला सुरू आणि दुपारी तीनला बंद असा लावला आहे. मिरचीचा दिवस रात्री उगवतो, आणि तिची काही तक्रार नाही.

दोष सांगायचे तर हवेचा पंप सर्वांत वरचा. तो इतका थरथरतो की लाकडी जमिनीतून त्याची घरघर वरच्या मजल्यावर ऐकू येत असे. शेवटी तो जुन्या टॉवेलाच्या घडीवर ठेवला. आठव्या महिन्यात तो बंदच पडला. विक्रेत्याला लिहिल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा आला, पण बुडबुड्यांशिवाय मुळे तीन आठवडे कशी जगणार याचे उत्तर त्या पत्रव्यवहारात नव्हते, म्हणून मी त्याच दिवशी नवा पंप आणला होता. दुसरा दोष त्याहून मूलभूत आहे. बादलीला तळाशी तोटी नाही. दर दहा-बारा दिवसांनी पाणी बदलताना मुळांसकट झाकण उचलून धरायला एक माणूस आणि बादली रिकामी करायला दुसरा लागतो. फळांनी लगडलेले झाड उचलताना एक फांदी मोडली, तेव्हा हळहळ वाटली. तोटी बसवायला निर्मात्याला कितीसा खर्च आला असता?

कोळशाच्या गाळणीची मिरचीला गरज नाही. तिचा खरा उपयोग आमच्याकडे बोंबील भाजण्याच्या दिवशी होतो. पंख्यासकट ती स्वयंपाकघरात टांगली की पोलिश शेजारीण दार वाजवत नाही.

कोथिंबिरीने मात्र या तंबूचा हिशेब चुकवला. मिरचीची रोपे लहान असताना दुसऱ्या पसरट टबात मी धणे चोळून पेरले होते. उगवण सुरेख झाली, पाने तरारली आणि पाचव्या आठवड्यात सगळीच्या सगळी कोथिंबीर फुलावर आली: खोड ताठ, पाने बडीशेपेसारखी झिरझिरीत, चवीला कडसर. कोथिंबीर मोठ्या दिवसात फुलणारी आहे आणि १८ तासांचा प्रकाश म्हणजे तिच्या लेखी ऐन उन्हाळा. रोपाचे फुलणे दिवसाच्या लांबीशी बांधलेले असते, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी अमेरिकेत १९२० मध्येच तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून मांडले होते. शेवंतीचे उलट होईल: तिला लांब रात्र हवी, म्हणून या तंबूत ती हिरवीगार वाढेल आणि एक कळीही धरणार नाही. एका तंबूत एकच दिवस असतो, आणि हा दिवस मिरचीसाठी राखलेला आहे. पुस्तिका मात्र मुखपृष्ठावर कोथिंबीर आणि बेसिलची चित्रे छापून मोकळी होते.

संच, यंत्रे आणि लहान पंखा धरून एकूण सुमारे साडेचारशे डॉलर खर्च आला, आणि मिरचीसाठी हा संच मी स्वतःही विकत घेईन, फक्त बादली तोटीची निवडून. कोथिंबिरीचा टब आता वरच्या मजल्यावर दक्षिणेकडच्या खिडकीत आहे. डिसेंबरात येथे दिवस नऊ तासांहूनही लहान असतो, त्यामुळे ती रडतखडत वाढते, पण फुलावर येत नाही आणि आठवड्याला एका आमटीपुरती निघते.