डी7200 अजून बॅगेत: पावसाळा-हिवाळा काढल्यानंतर

निकॉन डी7200 हा 2015 सालचा कॅमेरा. त्याचा अनुभव आता लिहायला घेतला की पहिला प्रश्न येणार, 'आज कोण घेतंय हा?' कुणी घ्यावा म्हणून लिहीत नाहीये. ज्यांच्या कपाटात असलाच एखादा आरशाचा डीएसएलआर आहे आणि जे रात्री झोपायच्या आधी बिनआरशाच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघत बसतात, त्यांच्यासाठी हे. मीही त्यांच्यातलीच. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पैसे बाजूला काढून एका दुकानात एक्स्चेंजचा भाव विचारून आले. आकडा ऐकून हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात धड ट्रायपॉडही आला नसता. म्हटलं, राहू दे. पावसाळा-हिवाळा आहे त्यावरच काढू आणि नेमकं अडतं कुठे ते बघू.

सामान फार नाही. बॉडी, 35 एमएम एफ/1.8 जी, 70-300 व्हीआर आणि काकांच्या फिल्म कॅमेऱ्यावरची 50 एमएम एफ/1.8 डी. या शेवटच्या लेन्सला स्वतःची मोटर नाही, बॉडीतली मोटर तिचा फोकस फिरवते. अपर्चर रिंग एफ/22 वर नेऊन लॉक केली की झालं. हीच लेन्स एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर चढवली तर ऑटोफोकस गेलाच. म्हणजे बॉडी बदलायची तर लेन्सचाही खर्च आला, आणि तो कुठलाच रिव्ह्यूवाला बेरजेत धरत नाही.

मेगापिक्सेलचं लवकर उरकते. 24 मेगापिक्सेल म्हणजे 6000 बाय 4000. 300 डीपीआयनं छापलं तरी 20 इंच रुंद प्रिंट निघते. 4के टीव्हीला जेमतेम 8 मेगापिक्सेल लागतात, आणि आपले निम्म्याहून जास्त फोटो तर व्हॉट्सॲपवर जाऊन आणखी आकसतात. इथे काही अडत नाही.

सगळ्यात मोठा फरक पडला तो एएफ फाइन ट्यूननं, म्हणजे ऑटोफोकसची बारीक चूक मेनूतून दुरुस्त करण्याच्या सोयीनं, आणि त्याला पैसा लागला नाही. डीएसएलआरमध्ये फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा आणि फोटो घेणारा वेगळा. दोघांपर्यंतचं अंतर केसभर जरी इकडेतिकडे असलं तरी लेन्स पूर्ण उघडी असताना, म्हणजे एफ/1.8 ला, डोळ्यांऐवजी कान शार्प येतात. कुठल्याही कंपनीच्या डीएसएलआरमध्ये हे होऊ शकतं. मी गॅलरीत ट्रायपॉड लावला, वर्तमानपत्र पाटावर तिरकं टेकवलं आणि मधल्या एका ओळीवर फोकस धरला. आधी व्ह्यूफाइंडरमधून, मग लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यू थेट फोटोच्याच सेन्सरवर बघतो, त्यामुळे खरं माप त्याचं. दोन्ही फोटो शंभर टक्के झूम करून शेजारीशेजारी ठेवले, तर व्ह्यूफाइंडरवाल्यात शार्प ओळ दोन ओळी अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला. मेनूत उणे 20 ते अधिक 20 अशी पट्टी असते. अधिककडे गेलं की फोकस लांब सरकतो. थोडं थोडं सरकवत नेलं, मधे चहा झाला, आणि ओळ जागेवर आली. त्यानंतरचे भाचीचे फोटो बघून बहिणीनं विचारलं, 'नवीन लेन्स घेतलीस का गं?'

भिगवणला मात्र मर्यादा कळल्या. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावच्या बाजूनं सकाळी होडीत बसलं की रोहित पक्षी काही त्रास देत नाहीत. पाय लांब, चाल संथ, आपण कितीही रमतगमत काढा. शेकाट्यांचंही तसंच. इथे या कॅमेऱ्याची एक सोय हाताशी ठेवा: 1.3 क्रॉप, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं. 300 एमएमची लेन्स डीएक्सवर, म्हणजे या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर, 450 सारखी वागते, हा क्रॉप लावला की जवळपास 585 सारखी. फाइल 15 मेगापिक्सेलची होते, पण फोकसचे 51 पॉइंट जवळजवळ अख्खी फ्रेम व्यापतात. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, 12 बिटवर ठेवली तर वेगही सेकंदाला 7 फ्रेमपर्यंत जातो. (12 आणि 14 बिटमधला फरक मला तरी पक्ष्यांच्या फोटोत कधी दिसला नाही. ज्यांना दिसतो त्यांना माझा नमस्कार.)

पण नदी सुरय पाण्यावर सूर मारतो तेव्हा हा कॅमेरा मागे पडतो, हे सरळ सांगते. पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला चिकटून राहणारा आजचा ऑटोफोकस याच्याकडे नाही. माझ्या हाती लागतात ते बहुतेक शेपटीचे आणि शिंतोड्यांचे फोटो. होडीत शेजारी बसलेल्या गृहस्थांकडे नवी मिररलेस बॉडी होती. त्यांच्या स्क्रीनवर चोचीतला मासासुद्धा लखलखीत होता. हेवा वाटला. पण मी भिगवणला हिवाळ्यात जाऊन येणार, बाकी वर्षभर घरचे, रस्त्यावरचे, देवळातले फोटो काढणार. ज्याचं अर्धं आयुष्य उडत्या पक्ष्यांमागे जातं त्यानं खुशाल नवीन घ्यावा.

दुसरी अडचण आवाजाची. घरगुती बैठकीत सतारीची आलापी चालू असताना आरसा खाली-वर झाला की पुढच्या रांगेतले मागे वळून बघतात. क्यू मोडनं आवाज थोडा दबतो, जात नाही. मी आता आलापी नुसती ऐकते, कॅमेरा मांडीवर. तबला सुरू झाला, लय चढली की उचलते. आवाज न करणारं शटर असतं तर आलापीतलाही चेहरा मिळाला असता, हे खरंच.

स्क्रीनही वळत नाही. पालखी दिवे घाटात चढत असताना दोन्ही हात वर करून नुसत्या अंदाजानं फोटो काढावे लागतात. पुढच्या डी7500 ला वळणारा स्क्रीन आला, 4के व्हिडिओ आला, पण दुसरा कार्ड स्लॉट गेला. मला तो दुसरा स्लॉट जास्त प्यारा. बॅटरीचं तर विचारूच नका. कंपनीचा आकडा एका चार्जला 1110 फोटोंचा आहे आणि घाटात चार्जरची आठवणही झाली नाही.

अंधाराची तक्रार सॉफ्टवेअरनं बरीच मिटवली. लक्ष्मी रोडवर रात्री मिरवणूक काढायची तर आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) 6400 शिवाय गत्यंतर नसतं, आणि पूर्वी त्या फोटोंत गुलालापेक्षा नॉइज, म्हणजे रंगीत दाणे, जास्त दिसायचा. लाइटरूममध्ये 2023 साली एआय डीनॉइज आलं. फोटो रॉमध्ये असेल तर त्यातून ढोलाची दोरीसुद्धा परत मिळते. जुन्या गणपतींच्या फाइली काढून बसले तर त्यातले कितीतरी टाकाऊ म्हणून बाजूला पडलेले फोटो छापण्याजोगे निघाले. फक्त लॅपटॉप जुना असेल तर एकेका फोटोला धीर धरावा लागतो.

बाजूला काढलेल्या पैशांपैकी थोडे खर्च झालेच. एक ड्राय कॅबिनेट घेतलं, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरली की ती बाहेरून पुसून जात नाही. आत 45 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवते. सेन्सर साफ करून घेतला. त्याआधी एफ/16 ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून बघा, किती डाग आहेत ते कळतं. चुलतभावाच्या लग्नात व्हिडिओ हवा होता तर मिररलेस किट दोन दिवस भाड्यानं आणलं आणि परत केलं. उरलेल्यातून प्रिंट काढल्या, आईनं त्या दिवाणखान्यात लावल्या.

शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे असं कंपनी सांगते. माझं त्याच्या निम्म्याच्या आत आहे. कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फोटोच्या एक्झिफमधून (फाइलसोबत साठवलेल्या माहितीतून) हा आकडा मिळतो. शटर गेलं तर ते बदलून घ्यायचं की बॉडीच बदलायची, हा हिशोब तेव्हाच्या भावानं करीन.