ग्वाल्हेरच्या उन्हात 17 महिने: दगडी खांब आणि चेनलिंक जाळीचं कुंपण

मार्च 2024 मध्ये आम्ही ग्वाल्हेरच्या घराभोवती कुंपण घातलं. आता ऑगस्ट 2025. दोन उन्हाळे, एक हिवाळा आणि दुसरा पावसाळा अर्धा, एवढं पाहून झालं आहे. प्लॉट 30 बाय 50 फुटांचा. मागची बाजू आणि दोन्ही कडा दगडी खांबांवर आहेत, रस्त्याकडची बाजू लोखंडी अँगलवर. एकाच घरी दोन्ही प्रकार असल्याने तुलना रोज डोळ्यांसमोर असते.

आधी मनात पत्रा होता. आडोसा होईल, धूळ अडेल असं वाटलं. पण मे-जूनच्या एका आंधीत, म्हणजे धुळीच्या वादळात, गल्लीतलं पत्र्याचं कुंपण खांबांसकट आडवं झालेलं पाहिलं आणि विचार सोडला. भरीव कुंपण वारा अंगावर घेतं, जाळीतून तो निघून जातो. लाकूड वाळवीमुळे बाद. प्लास्टिकची हिरवी जाळी शेजारच्या काकांकडे होती. दुसऱ्या उन्हाळ्यात ती हाताने चुरगळली की तुकडे पडायचे.

दगडी खांब इथल्याच वालुकाश्माचे, ज्या दगडाच्या टेकडीवर आपला किल्ला उभा आहे त्याच जातीचे. साडेसात फुटांचा खांब, दोन फूट जमिनीत, दर आठ फुटांवर एक. त्यांना ना गंज, ना रंग, ना वाळवी. सतरा महिन्यांत त्यांच्यासाठी मी एक रुपयाही खर्च केला नाही. खोट एकच, दगड वाकत नाही, थेट तुटतो. विटांच्या ट्रॉलीचा धक्का लागून कोपऱ्यातला खांब मधोमध गेला. वाहनं वळतात तिथे दगड लावू नका.

जाळी घेताना गेजकडे, म्हणजे तारेच्या जाडीच्या मापाकडे, नीट बघा. आम्ही 10 गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीची, जस्ताचा मुलामा दिलेली तार घेतली. दुकानात हिरव्या प्लास्टिकच्या वेष्टणाची जाळीही 10 गेज म्हणून दाखवली. वेष्टण सोलून मापलं तर आतली तार बरीच बारीक निघाली. आतल्या तारेचं माप मागा आणि वजनही करून घ्या.

उष्णतेचा खरा खेळ ताणात आहे. 15 मीटर तार 40 अंशांच्या फरकाने सुमारे 7 मिलिमीटर लांब होते. इथे जानेवारीच्या पहाटे पारा 4-5 वर आणि मे महिन्यात 45 च्या पुढे. ऐन थंडीत ताणलेली तार उन्हाळ्यात सैल पडते, ऐन उन्हात ताणलेली थंडीत कोपऱ्याचे खांब ओढते. आम्ही मार्चमध्ये ताणली ते बरं झालं. तरी गायी अंग घासून घासून मागची जाळी पोटाशी फुगवतात, म्हणून ताण पुन्हा आवळायला टोकाला आट्यांचा बोल्ट हवाच. वर्षातून दोनदा पाना फिरवला की काम भागतं. काँक्रीटवर सात दिवस ओलं गोणपाट ठेवलं होतं. मार्चच्या उन्हात तेवढी काळजी घेतली नसती तर खांबांचे पाये भुसभुशीत राहिले असते.

आता रस्त्याकडची बाजू. ठेकेदाराने मी नको म्हणत असताना जाळी अँगलला वेल्डिंग करून टाकली. जस्त 419 अंशांना वितळतं, त्यामुळे वेल्डिंगच्या जागी मुलामा जळून जातो. जुलैत पहिले तपकिरी ओघळ दिसले. तारेच्या ब्रशने घासून जस्ताच्या रंगाचे दोन हात दिल्यावर ते थांबले. अँगलचा पाय मात्र सिमेंटमध्ये शिरतो तिथेच सडतो आहे, कारण वरचं काँक्रीट सपाट आहे आणि पाणी साचतं. त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यायला हवा होता. पश्चिमेकडच्या फाटकाचा ऑइलपेंट वर्षात पांढुरका पडून हाताला भुकटीसारखा लागतो. गडद रंग तर नकोच, दुपारी आईचा हात त्या कडीवर नुसता टेकला तरी भाजायचा. आता कडीला सुती कापड गुंडाळलं आहे.

आडोशासाठी मधुमालती चढवली आहे. छान फुलते, पण पूर्ण भरू देत नाही, नाहीतर तीही पत्र्यासारखा वारा धरेल. दर पावसाळ्यानंतर निम्मी छाटते.

दिवाळीआधी पुढचे चारही अँगल काढून जाड लोखंडी नळ्या बसवायच्या आहेत. मिस्त्रींना आत्ताच सांगून ठेवलं आहे: भोकं पाडणं, कापणं, वेल्डिंग सगळं आधी उरका आणि मुलामा शेवटी द्या. जाळी बांधायची ती तारेनेच.